गाणं, गारठा आणि सहा वर्षांचा श्रोता

डिसेंबर लागला की पुण्यातल्या घराघरांत दोन गोष्टी होतात. माळ्यावरचे स्वेटर खाली येतात आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची चौकशी सुरू होते. गेल्या डिसेंबरात आमच्या घरी या दोन्हींच्या जोडीला एक प्रश्नही आला. माझी लेक कोंढव्याला राहते. तिनं फोनवर विचारलं, "अब्बा, यंदा पोरांना सवाईला न्यावं म्हणते. थोरला सहाचा झाला, धाकटी तीनची. तुम्ही काय म्हणता?"

मी कवी माणूस. माझ्या तोंडून लगेच निघून गेलं, "अगं, ने की! लहानपणीच सूर कानावर पडले पाहिजेत." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मला उरूस आठवतो, अब्बा."

त्या एका वाक्यानं माझं तोंड बंद झालं.

गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. लेक चार वर्षांची असताना मी तिला शहराबाहेरच्या एका गावी उरसात कव्वाली ऐकायला घेऊन गेलो होतो. बायको नको म्हणत होती. मी तरीही नेलं. मांडवात दाटी होती, म्हणून पोरीला मांडीवर घेऊन मी अगदी पुढे, भोंग्यापाशी बसलो. रात्री अकराच्या सुमारास कव्वाली अशी रंगली, की माझे डोळे मिटले. उघडून पाहिलं तर मांडीवर पोर नाही. पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला आजही नीट सांगता येत नाही. शेवटी ती सापडली एका खेळणीवाल्याच्या पालात. त्याच्या बायकोनं तिला गोधडीत गुंडाळून निजवलं होतं. दुसऱ्या दिवशी पोर दिवसभर सांगत होती, "कानात माशी आहे." ती माशी दोन दिवसांनी गेली. चूक भोंग्याची नव्हती, उरसाची नव्हती आणि कव्वालाची तर नव्हतीच. ती माझी होती.

तेव्हा लेकीला मी म्हटलं, "दोन दिवस दे. विचार करून सांगतो." त्या दोन दिवसांत केलेला विचार आज आपल्यापुढे मांडतो आहे. मुलांना सवाईला न्यावं की नाही, हा प्रश्न दर हिवाळ्यात पुण्यात कित्येक घरांत पडत असणार.

जगात इतरत्रही तो पडतो, आणि आपल्यापेक्षा फार बिकट रूपात पडतो. अमेरिकेत नेवाडा राज्याच्या वाळवंटात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस 'बर्निंग मॅन' नावाचा कलामेळा भरतो. आटलेल्या सरोवराच्या सपाट तळावर आठवड्याभरासाठी सत्तर हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात, मोठमोठी शिल्पं उभारतात आणि शेवटी लाकडाचा एक प्रचंड पुतळा जाळतात. पिण्याचं पाणीसुद्धा ज्याचं त्यानं न्यायचं. तिथली धूळ खारी असते, ती कातडीला झोंबते. दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री थंडी वाजते. २०२३ साली तिथं पाऊस पडला, सगळा तळ चिखलाचा झाला आणि हजारो लोक काही दिवस अडकून पडले. अशा ठिकाणीही आईबाप मुलांना नेतात. मुलंवाल्या कुटुंबांची तिथं वेगळी वस्तीच असते. आपल्याकडे जैसलमेरला माघ महिन्यात मरू महोत्सव असतो. तिथं लंगा आणि मांगणियार गायकांची लहान मुलं बापाशेजारी वाळूवर बसून गातात. पण ती मुलं त्यांच्या घरच्या अंगणात असतात. ती वाळू, ती थंडी आणि ते सूर त्यांना जन्मापासून ठाऊक असतात. आपण पुण्याहून उचलून नेलेलं मूल तिथं पाहुणं असतं. मुलाला कुठंही नेण्याआधी ते तिथं घरचं असणार आहे की पाहुणं, हे पाहिलं पाहिजे.

आता सवाईकडे येऊ. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब हे त्यांचे गुरू, आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे त्यांचे शिष्य. मुसलमान गुरू, हिंदू शिष्य आणि त्याचा पारशी शिष्य, अशी ही साखळी आहे. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेल्यावर उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं.

माझ्या लहानपणीचा सवाई रात्रभराचा असे. शेवटच्या रात्रीची बैठक पहाट उलटून सकाळपर्यंत चाले आणि समारोपाला भीमसेनजी बसत. माझे वडील पुस्तकांची बांधणी करायचे. तिकीट काढण्याची ऐपत प्रत्येक वर्षी नसे. मग पटांगणाच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला चादर अंथरून आम्ही बसायचो. बाहेर आमच्यासारखे पुष्कळ असत. मी वडिलांच्या घोंगडीत झोपी जायचो आणि पहाटे एखाद्या तानेनं जागा व्हायचो. माझ्या कवितेत जी काही लय आहे ती तिथून आली, असं मी आजवर अनेक सभांत सांगत आलो. टाळ्याही मिळाल्या.

लेकीच्या प्रश्नानंतर मात्र मी ही आठवण जरा उलटून पाहिली. पहिली गोष्ट अशी, की आम्ही भिंतीबाहेर होतो. म्हणजे आवाज माझ्यापर्यंत येईतो मवाळ झालेला असे. दुसरं, घर पायी पंधरा मिनिटांवर होतं. वडील मला खांद्यावर टाकून केव्हाही निघू शकत. तिसरं, आसपास बसलेली निम्मी माणसं पेठेतली, ओळखीची होती. मी उठून दोन पावलं गेलो असतो तरी कोणीतरी हटकलंच असतं, "काय रे, बाइंडरचा ना तू?" आणि चौथं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शाळेची बस दारात येत नसे. कीर्तनात, गोंधळात, तमाशाच्या फडात आयांच्या कुशीत पोरं पिढ्यान्‌पिढ्या झोपली, हे खरं आहे. पण त्या झोपेभोवती हे सगळं कुंपण होतं. आपण झोपेची आठवण ठेवली आणि कुंपण विसरलो.

आता एकेक गोष्ट पाहू. आधी कान.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. या मोजमापाची खुबी अशी, की आकडा थोडा वाढला तरी कानावरचा भार फार वाढतो. मोठ्या माणसाला ८५ डेसिबलच्या आवाजात साधारण आठ तास राहता येतं, असं धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलपर्यंत पोचलो की जेमतेम पंधरा मिनिटं. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या आवाज झेलतात. माणसाच्या कानातली ही पेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. माझ्या लेकीच्या कानातली 'माशी' म्हणजे या पेशी दमल्याची खूण होती. ती दोन दिवसांत गेली हे आमचं नशीब. जागतिक आरोग्य संघटनेनं कानाला लावून ऐकायच्या साधनांसाठी मोठ्यांना आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे आणि मुलांना ७५ ची. म्हणजे मुलाचा कान मोठ्यांच्या मापानं धरायचा नाही.

आपले शास्त्रीय गाणे काही ढणढणाट नव्हे, असं कोणी म्हणेल. तानपुऱ्याच्या संथ आलापीत ते खरंही आहे. पण हजारो माणसांच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तर पुढच्या रांगांना तो जास्त मिळणारच. द्रुत तबला आणि सतारीचा झाला सुरू झाला की पुढे बसलेल्याच्या छातीत घुमतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. मांडवात मध्येमध्ये स्पीकर असतात, त्यामुळे तो इतका उतरत नाही, पण उतरतो. म्हणून मुलाला घेऊन बसायचं ते मागे, आणि स्पीकरच्या रचलेल्या ढिगापासून दूर. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांसाठी कानांवर बसवायच्या गाद्या मिळतात, त्या घालाव्यात. आणि साधी कसोटी म्हणजे, हाताच्या अंतरावरच्या मुलाशी बोलायला आपल्याला आवाज चढवावा लागला, तर तिथून उठावं.

दुसरी गोष्ट झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. इथं एक बदल आपल्या बाजूचा आहे. २००० साली केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. सांस्कृतिक आणि धार्मिक कार्यक्रमांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं याची बंधनं आणखी घट्ट केली आणि त्या सवलतीलाही मान्यता दिली. सवाईच्या रात्री त्यामुळे आखूड झाल्या. माझ्या पिढीनं याबद्दल पुष्कळ हळहळ केली. रात्री बाराच्या पुढचे राग आता उत्सवात ऐकायला मिळत नाहीत, ही हळहळ खोटी नाही. पण मुलांच्या बाजूनं पाहिलं तर बैठक आता दुपारी सुरू होते आणि दुपार व संध्याकाळ ही मुलांची वेळ आहे. दुपारचे आणि सायंकाळचे राग आमच्या लहानपणी सवाईत क्वचितच वाट्याला येत. आज ते सहा वर्षांच्या पोरालाही जागेपणी ऐकता येतात.

तिसरी गोष्ट थंडी आणि हवा. डिसेंबरात पुण्याचं रात्रीचं तापमान साधारण बारा अंशांच्या आसपास असतं आणि काही रात्री दहाच्याही खाली जातं. आपण मुलाला वरून स्वेटर, कानटोपी घालतो आणि खाली पातळ सतरंजीवर बसवतो. गारठा मात्र जमिनीतून चढतो. लहान अंगाची ऊब मोठ्या अंगापेक्षा लवकर निघून जाते. म्हणून भारतीय बैठकीवर बसणार असाल तर पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करा. घडी घातलेली गोधडी खाली हवी. शिवाय थंडीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि पुण्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या शहरात धूर आणि धूळ खालीच कोंडून राहते. मुलं आपल्यापेक्षा जलद श्वास घेतात. मुलाला दमा असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं आणि त्याचं औषध आपल्या खिशात असावं. घरी विसरलेलं औषध मैदानावर सापडत नाही.

चौथी गोष्ट गर्दी. याबद्दल मी सांगायचं म्हणजे चोरानं कुलपाची महती सांगायची. तरी सांगतो. मुलाच्या मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिहा, खिशातली चिठ्ठी हरवते. आत शिरताच त्याला एक ठळक जागा दाखवा आणि "चुकलास तर इथं ये आणि गणवेशातल्या माणसाला सांग" असं दोनदा वदवून घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, दोन मोठी माणसं बरोबर असतील तर आत्ता मूल कोणाकडे आहे हे तोंडानं बोलून ठरवा. 'मला वाटलं तू बघतोयस' या वाक्यात मुलं हरवतात.

पाचवी गोष्ट मात्र मुलाची नाही, इतरांची आहे. विलंबित ख्यालात गायक एका स्वरावर येऊन थांबतो, तेव्हा मांडवात हजारो माणसं श्वास रोखून बसलेली असतात. कोणी गावाहून आलेला असतो, कोणी वर्षभर पैसे साठवलेले असतात. त्या क्षणी आपलं मूल रडलं, तर दोष मुलाचा नाही. त्याला तिथं अडकवून ठेवणाऱ्याचा आहे. म्हणून जागा कडेची धरावी, रांगेच्या मध्ये बसू नये, आणि मूल चुळबुळू लागताच कलाकाराचं संपण्याची वाट न पाहता उठावं.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग नेऊच नये. घरी यंत्रावर ऐकवावं. याला माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते खुद्द भीमसेनजींचं आहे. १९३३ साली अकरा वर्षांचा भीमसेन गाणं शिकण्यासाठी गदगहून घर सोडून पळाला. त्याला वेड लावलं होतं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या एका ध्वनिमुद्रिकेनं. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. तेवढी पुरली! सहा तासांच्या बैठकीनं मुलाच्या मनात जे रुजत नाही, ते कधी तीन मिनिटांत रुजतं. म्हणजे प्रश्न किती ऐकवलं हा नाहीच. मूल ऐकायला मोकळं होतं का, एवढाच आहे.

मग न्यायचं कशासाठी? कारण यंत्रात एक गोष्ट दिसत नाही. एवढी माणसं एकत्र येऊन एका माणसाचं ऐकतात, गप्प बसतात, एकाच जागी 'वा' म्हणतात, हे मुलानं एकदा पाहायला हवं. आपल्या शहरात माणसं जमतात ती बहुतेक वेळा ओरडायला. ऐकायला जमलेली गर्दी ही दुर्मीळ गोष्ट आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात विसावले आहेत. तिथं उरसात आजही गायक-वादक चिंचेच्या झाडाखाली हजेरी लावतात. तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच मनात आलं होतं.

दोन दिवसांनी लेकीला फोन केला. म्हटलं, "धाकटीला तिच्या नानीकडे ठेव. तीन वर्षांच्या पोरीला तिथं मिळण्यासारखं काही नाही, सोसण्यासारखं पुष्कळ आहे. थोरल्याला मी नेतो. दुपारची बैठक, फार तर दोन तास. आणि तू बरोबर चल." ती म्हणाली, "मी कशाला?" मी म्हटलं, "माझ्यावर लक्ष ठेवायला."

उत्सव आता मुकुंदनगरला होतो. आम्ही मागे, कडेला बसलो. नातवाच्या मनगटावर नंबर लिहिला होता. तो त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. पहिलं गाणं सुरू झालं. वीस मिनिटं तो डोळे विस्फारून पाहत होता, पुढची वीस मिनिटं त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बांधल्या. दुसरं वादन होतं, त्यात तबला रंगला तेव्हा तो मांडीवर बोटं आपटत होता. त्यानंतर ज्यांच्यासाठी मी वर्षभर थांबलो होतो त्या गायिका मंचावर आल्या. तानपुरे जुळले. त्यांनी षड्ज लावला आणि नातू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "नाना, घरी जाऊ."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, दहाच मिनिटं. चॉकलेट देऊन पाहावं. लेक माझ्याकडे पाहत होती. काही बोलली नाही. मी चपला हातात घेतल्या आणि उठलो.

रिक्षात नातवानं विचारलं, "नाना, त्या मागं बसून तंबोरा वाजवणाऱ्या ताई होत्या ना, त्या गात का नव्हत्या?" मी म्हटलं, "त्या सूर धरून ठेवतात. त्यांनी धरला म्हणून पुढच्यांना गाता येतं." तो थोडा वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "आणि त्यांना घरी जायचं असलं तर?" लेक मोठ्यानं हसली. मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न येत्या डिसेंबरात पडेल त्यांना एवढंच सांगेन. तुम्हाला गाणं ऐकायचं असेल तर खुशाल जा, मुलाला घरी आजीपाशी ठेवा आणि मन लावून ऐका. त्यात काही पाप नाही. मुलाला गाणं दाखवायचं असेल तर त्याला न्या, पण त्या दिवशी आपलं गाणं सोडून द्यायची तयारी ठेवून न्या. या दोन्ही गोष्टी एका तिकिटात होत नाहीत. मी ते एकदा करू पाहिलं होतं, आणि वीस मिनिटं एका गावाच्या अंधारात पोरीच्या नावानं हाका मारत फिरलो होतो.

यंदा नातू सातचा झाला आहे. परवा त्यानं विचारलं, "नाना, ते गाणं परत कधी आहे?" डिसेंबरात, म्हटलं. बूट मात्र विनानाडीचे घालू, हेही ठरलं आहे.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)